शाळा सोडण्याचे कारण

(भिवंडी येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सगळी नोकरी पटावरची नावं टिकवण्यात गेली. म्हणून मी आज पटाविषयीच बोलणार आहे. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आपल्याकडे आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. मूल शाळा केव्हा सोडू शकतं, असा उलटा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये विचारलात तर वय सांगतात आणि तारीखही सांगतात: सोळा पूर्ण होत असतील त्या वर्षी जूनचा शेवटचा शुक्रवार. आपल्याकडे विचारलात तर समोरचा माणूस दाखल्याचा कागद पुढे करतो.

तो कागद आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. शाळा सोडल्याचा दाखला. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, यापूर्वीची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक, आणि खाली एक रकाना: शाळा सोडण्याचे कारण. मी शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून या जिल्ह्यात काम केलं. शाळा तपासणीला गेलो की जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक वगैरे पाहायचंच असतं. पण मला दाखल्यांच्या स्थळप्रतींचं पुस्तक चाळायची खोड होती. कारणाच्या रकान्यात काय असायचं? 'पुढील शिक्षणासाठी'. 'पालकांच्या अर्जावरून'. 'परगावी गेल्याने'. क्वचित एखाद्या प्रामाणिक मुख्याध्यापकाचं 'सतत गैरहजर'. 'बाप आजारी, मुलगा लूमवर बसला' असं कुठे लिहिलेलं नव्हतं. 'उचल फेडायची आहे' असंही नाही, 'लग्न ठरले' असंही नाही. वर्तणुकीच्या रकान्यात सगळ्यांची वर्तणूक 'चांगली'. आणि ही झाली दाखला मागायला आलेल्यांची गोष्ट. भिवंडीत शाळा सोडणारी कित्येक मुलं दाखला मागायला येतच नाहीत. त्यांना तो लागतच नाही. यंत्रमागावर, म्हणजे लूमवर, दाखला विचारत नाहीत, वीटभट्टीवर तर नाहीच नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने कलम २१-क आलं, सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यावरचा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. या कायद्यात सक्ती कोणावर? कलम ८ वाचा. सक्तीचं शिक्षण म्हणजे सरकारने शिक्षण उपलब्ध करून देण्याची, आणि मुलाचा प्रवेश, हजेरी व आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होणं याची खात्री करण्याची जबाबदारी. सक्ती सरकारवर आहे, मुलावर नाही. कलम १० पालकांना सांगतं की मुलाला शाळेत घालणं तुमचं कर्तव्य आहे, पण कर्तव्य चुकवलं तर काय, यावर ते काही बोलत नाही. विनामान्यता शाळा चालवली तर दंड, कॅपिटेशन फी घेतली तर दंड. मूल शाळेबाहेर राहिलं तर मात्र दंड कोणालाच नाही. ना बापाला, ना मुख्याध्यापकाला, ना आयुक्तांना.

हा बदल मोठा आहे, आणि तो विचारपूर्वक केलेला आहे. त्याआधीचा आपला १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा वेगळ्या वळणाचा होता. त्यात हजेरीचे हुकूम होते, ते मोडणाऱ्या पालकाला किरकोळ का होईना दंड होता. त्याही आधी १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळचा रुपया! आजही भाषणांतून लोक या दंडाचं कौतुक करतात आणि 'असा दंड बसवा म्हणजे सरळ होतील' असं म्हणतात. 'सरळ होतील' म्हणजे कोण, ते सांगायला नको. मी या मताचा नाही. महाराजांनी दंड लावला तेव्हा गावोगाव शाळा उघडण्याचा खर्चही दरबाराने उचलला होता. दंडाची आठवण ठेवायची आणि खर्चाची विसरायची, ही आपली सोयीस्कर स्मरणशक्ती झाली.

या सक्तीचा इतिहास आपल्याच मातीतला आहे, तो थोडा सांगतो. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी त्यात आहे. पण त्या निवेदनात आणखी एक गोष्ट आहे, ती कमी सांगितली जाते. गरीब शेतकऱ्याला पोर गुरांमागे आणि शेतावर लागतं, म्हणून तो ते शाळेत पाठवत नाही, हे फुल्यांनी सरळ मांडलं आणि त्यावर शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं सुचवली. म्हणजे सक्ती मागणाऱ्या या माणसाला तिची किंमत कोण मोजणार हे ठाऊक होतं. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीला प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लावला. गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं. काय होतं त्यात? सहा ते दहा वर्षांचे मुलगे, तेही ज्या स्थानिक संस्थेची इच्छा असेल तिथेच. एवढं मवाळ विधेयक १९ मार्च १९१२ ला अडतीस विरुद्ध तेरा मतांनी पडलं. सरकार विरोधात होतंच, पण आपल्यातले जमीनदारही विरोधात होते. शेतावर राबायचं कोणी, ही त्यांची काळजी. विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ साली मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता कायदा करून घेतला. आणि १९२० च्या सुमाराला पुण्यात वाद पेटला तो मुलींना सक्ती लावायची की पैसे नाहीत म्हणून तूर्त मुलग्यांवरच भागवायचं, यावर. रमाबाई रानडे तेव्हा मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या. विद्येच्या माहेरघरातला हा वाद आहे. भिवंडीला नावं ठेवणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

मग चौदा हा आकडा आला कुठून? संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये सक्तीच्या शिक्षणाच्या कलमावर, म्हणजे पुढच्या कलम ४५ वर, चर्चा झाली. ही तरतूद प्राथमिक शिक्षणापुरती मर्यादित ठेवावी, असा सूर निघाला. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं ते फार नेमकं होतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला ठेवायला आपण दुसऱ्या कलमाने बंदी घातली आहे. मग त्या वयापर्यंत मूल कुठेतरी शिकत असायला हवं, हा या कलमाचा हेतू आहे, असं त्यांच्या म्हणण्याचं सार होतं. म्हणजे आपल्याकडे शाळेचं वय अभ्यासक्रमावरून ठरलं नाही, मजुरीवरून ठरलं. कारखान्याचं दार जिथे उघडतं तिथपर्यंत शाळेचं दार उघडं ठेवायचं, मधे मूल रस्त्यावर नको. कलम ४५ मध्ये त्याला दहा वर्षांची मुदत दिली होती. ती १९६० साली संपली.

या जोडणीला दोन बाजू आहेत. एक चांगली, ती बाबासाहेबांनी सांगितली. दुसरी भिवंडीत दिसते. शाळा आणि मजुरी यांची सीमा एकच असली की चौदा हे वय संरक्षणाची हद्द न राहता भरतीची तारीख बनतं. बालमजुरीचा कायदा २०१६ साली सुधारला. चौदा वर्षांखाली सगळ्या कामांना बंदी झाली, हे चांगलं झालं. पण चौदा ते अठरा वयाच्या मुलांना फक्त धोकादायक ठरवलेल्या कामांतून वगळलं आणि बाकी सगळं मोकळं ठेवलं. शिवाय चौदाखालच्या मुलानेही शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत धोकादायक नसलेल्या घरच्या धंद्यात 'मदत' करायला हरकत नाही, अशी फट ठेवली. ज्यांनी ती फट ठेवली त्यांनी शांतीनगरची एखादी गल्ली पाहिलेली नसावी. तिथे खाली लूम आणि वर बिऱ्हाड असतं. घरचा धंदा कुठे संपतो आणि कारखाना कुठे सुरू होतो, हे सांगायला तिथल्या लेबर इन्स्पेक्टरला ज्योतिष शिकावं लागेल.

कापडाच्या गावात हे असंच होतं, असं मी म्हणतो, कारण जिथून आपण यंत्रमाग घेतले तिथेही असंच झालं होतं. लँकेशायरमध्ये 'हाफ टायमर' नावाची पद्धत होती. मुलाने अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत जायचं. एका आठवड्यात सकाळी गिरणी आणि दुपारी शाळा, पुढच्या आठवड्यात उलट. १८४४ च्या कायद्याने आठ वर्षांच्या मुलालाही हे चालत होतं. वय सरकत सरकत १९०१ पर्यंत बारावर आलं. पहाटे सहाला गिरणीत गेलेलं पोर दुपारी बाकावर झोपायचं आणि मास्तर त्याला झोपू द्यायचे. मला यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती वेगळी आहे. ही पद्धत बंद करायला मालकांइतकाच, कधी त्याहून जास्त, विरोध कामगारांच्या युनियनने केला. सभासदांची मतं घेतली तेव्हा कापड कामगारांनी मोठ्या बहुमताने हाफ टाइमच्या बाजूने कौल दिला. आठवड्याला पोराचे काही शिलिंग घरात यायचे, आणि बापाला वाटायचं, मी असाच शिकलो, माझं काय बिघडलं? अखेर १९१८ च्या फिशर कायद्याने ती पद्धत मोडली आणि शाळेचं वय चौदापर्यंत नेलं. मतदानावर सोडलं असतं तर ती आणखी वीस वर्षं चालली असती.

आपल्या विणकर बापाची भूमिका काही निराळी नाही. गायत्रीनगरमध्ये एका घरी मी गेलो होतो. मुलगा नववीतून गायब झाला होता, बुद्धीने बरा होता. बाप रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. मी दहावीचं महत्त्व वगैरे सांगायला लागलो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साब, दसवी पास हो या फेल, मीटर का रेट एकही है." मी पुढे बोललो, पण ते वाक्य खोडता आलं नाही. कापडाचा भाव मीटरवर, कारीगराची मजुरी मीटरवर. बारा तासांची पाळी. दोन वर्षं आधी बसला तर दोन वर्षांचे मीटर जास्त. त्या बापाचा हिशोब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तो हिशोब बदलेल अशी कुठलीही गोष्ट आपण त्याच्यापुढे ठेवली नव्हती, एवढंच खरं.

भिवंडी म्हणजे एक गाव नाही. १८५७ नंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, पद्मानगरातले तेलुगू पद्मशाली, कोकणी मुसलमान, आगरी, आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर माग वाढले तसे आलेले उत्तर प्रदेश, बिहारचे कारीगर. यातले शेवटचे बहुतेक एकटे येतात, बिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवतात, पाळीपाळीने एकाच खाटेवर झोपतात. त्यांची मुलं गावी असतात. पण बारा-तेरा वर्षांचा पुतण्या किंवा भाचा काकाबरोबर येतो तेव्हा तो कुठल्याच पटावर नसतो. गावच्या शाळेत त्याचं नाव चालू असतं, इथे त्याला कोणी मोजत नाही. तो कांड्या भरतो, चहा आणतो, हळूहळू लूमजवळ उभा राहायला शिकतो. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा माध्यमांच्या आहेत, याचा मला अभिमान आहे. पण या पुतण्याला कुठलंही माध्यम लागू पडत नाही, कारण त्याच्या नावाने अर्ज करणारा माणूसच इथे नसतो.

आता भट्टीकडे जाऊ. हा भाग मला जास्त जवळचा आहे. खारबाव-पायेपासून अनगाव, पडघ्यापर्यंत दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात. मोखाडा, जव्हार, विक्रमगड, वाडा, शहापूरचे कातकरी आणि इतर आदिवासी उचल घेऊन येतात. उचल पावसाळ्यातच दिलेली असते, घरात दाणा नसतो तेव्हा. आठवड्याला खर्ची मिळते, हिशोब हंगामाच्या शेवटी, हजार विटांवर. उचल जोडीवर असते, म्हणजे नवरा-बायको दोघांवर. बाप चिखल मळतो आणि विटा पाडतो, आई वाहते. मुलं काय करतात? सुकायला घातलेल्या विटा पलटी करायला लहान हात बरे पडतात, कोवळी वीट मोडत नाही. पण हे दुय्यम काम आहे. मुख्य काम निराळं. आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर दीड वर्षाचं भावंड असतं, सकाळपासून रात्रीपर्यंत. एका बाईला मी विचारलं, पोरीला शाळेत का नाही पाठवत? ती विटांचा थर लावता लावता म्हणाली, "पोर शालंत गेली त बारक्याला कोन धरंल?"

त्या प्रश्नावर शिक्षण खात्याकडे उत्तर नाही, कारण त्याचं उत्तर शिक्षण खात्यात नाहीच. ते पाळणाघरात आहे. भट्टीवर पाळणाघर लागलं की आठ वर्षांची मुलगी आपोआप मोकळी होते. हजेरीचा सगळ्यात चांगला कायदा मला विचाराल तर मी पाळणाघर म्हणेन. आपण मात्र भट्टीवर खडू-फळा घेऊन जातो आणि ती मुलगी भावंडाला कडेवर घेऊनच येऊन बसते. तेही चालेल, पण भावंड रडलं की ती उठते.

खडू-फळा घेऊन जाणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. विवेक आणि विद्युल्लता पंडितांच्या विधायक संसदेने नव्वदच्या दशकात या पट्ट्यात भोंगा शाळा चालवल्या. भट्टीवरच्या मजुरांच्या झोपड्यांना इथे भोंगा म्हणतात, त्यावरून हे नाव. भट्टीच्या जागीच वर्ग, कामाच्या वेळा पाहून शाळा. बाहेरच्या जिल्ह्यांत ऊसतोडीला साखरशाळा निघाल्या, त्याही याच जातीच्या. पुढे हक्काचा कायदा आला आणि असल्या शाळा मागे पडल्या. प्रत्येक मुलाला रीतसर शाळेतच प्रवेश हवा, इमारत हवी, प्रशिक्षित शिक्षक हवा, असं नव्या कायद्याचं म्हणणं. तत्त्व बिनचूक आहे. व्यवहारात झालं असं की भोंगा शाळा नियमात बसेना आणि रीतसर शाळा भट्टीवर जाईना.

आणि इथे एक तारीख आहे, ती आपण सगळ्यांनी पाठ करावी: ३० सप्टेंबर. त्या दिवशी शाळेच्या पटावर किती मुलं आहेत त्यावरून संचमान्यता होते, म्हणजे शिक्षकांची पदं ठरतात. भट्टीची उचल घेतलेली कुटुंबं त्या दिवशी गावी असतात. जव्हारच्या पाड्यावरची शाळा भरलेली दिसते, पदं मंजूर होतात. मग दिवाळीची सुट्टी लागते आणि दुसऱ्या सत्रात निम्मा वर्ग भिवंडीत असतो. शिक्षक तिकडे, मुलं इकडे. भिवंडीच्या भट्टीजवळच्या जिल्हा परिषद शाळेला या मुलांसाठी एकही जादा शिक्षक मिळत नाही, कारण मोजदादीच्या दिवशी ती इथे नव्हती. तिकडचा मुख्याध्यापकही नाव कमी करत नाही. कसा करेल? नाव गेलं तर पद जातं. म्हणून तो 'गैरहजर'चं चिन्ह करत राहतो, आणि कधी ते चिन्हही करत नाही. महिनाभर सलग गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य समजावं, असा आपल्या राज्यात नियम आहे. तो नियम प्रामाणिकपणे लावला तर डिसेंबरात मोखाड्याच्या कित्येक शाळांचा पट निम्मा होईल. कोणालाच ते नको असतं.

ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी आठवते का? तीन ते पाच तारखांना राज्यभर एकाच वेळी मुलं मोजली, एकच मूल दोन शाळांत दाखवू नये म्हणून बोटाला शाई लावली. खोटे पट उघडे पडले, मोठी खळबळ झाली. मला त्या वेळीच वाटलं होतं की ही शाई डिसेंबरात लावायला हवी होती. ऑक्टोबरात खोटी मुलं सापडतात. डिसेंबरात हरवलेली सापडली असती.

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा आणखी एक गंमत झाली. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा पालघरात गेले आणि भिवंडी ठाण्यात राहिली. मूल एसटीने दोन-तीन तासांत येतं, पण त्याची फाइल आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड निघालं. गाव सोडताना शाळेने ते द्यायचं, जिथे जाईल तिथल्या शाळेने त्यावर बसवून घ्यायचं, परतल्यावर पुन्हा आपली शाळा. उत्तम कल्पना. पण पाड्यावर मुकादमाची ट्रक रात्री येते. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं भरून पहाटेच्या आत निघते. शाळा अकराला उघडते, तेव्हा कार्ड देणारे गुरुजी येतात.

शहराच्या भागात गळती दुसऱ्या ठिकाणी होते. कायदा आठवीपर्यंत बोलतो, पण आपल्या बऱ्याच प्राथमिक शाळा सातवीला संपतात. म्हणजे हक्क चालू असतानाच शाळा संपते. मुलाला दाखला घेऊन दुसरीकडे जावं लागतं, आणि जो जातो तो वाटेत कुठेतरी अडकतो. एखाद्या ठिकाणी आधार कार्डावरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नाही. एखाद्या माध्यमिक शाळेत जागा भरलेल्या असतात. बाप म्हणतो, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर मुलगा एखाद्या टेम्पोवर हेल्पर असतो. मानकोली, राहनाळ, काल्हेरच्या गोदामांत आत शिरायला आधारवर अठरा लागतात, म्हणून मधली वर्षं तो टेम्पोवर काढतो.

मुलींचं चित्र थोडं निराळं आहे, आणि ते मी मुद्दाम सांगतो, कारण बाहेरचे लोक याबाबत भलतंच समजून बसलेले असतात. उर्दू माध्यमाच्या माध्यमिक वर्गांत मी अनेकदा मुलग्यांपेक्षा मुली जास्त पाहिल्या आहेत. कारण गोड नाही. मुलगा चौदाला कमावता होतो म्हणून जातो, मुलगी लग्न होईपर्यंत शाळेत सुरक्षित आहे म्हणून राहते. पण राहते हे खरं, आणि राहिलेली मुलगी दहावीत पहिली येते, बारावीला जाते, डी.एड. करते. आज या शहरातल्या कित्येक उर्दू वर्गांत शिकवणाऱ्या बाई म्हणजे अशाच, भाऊ लूमवर बसला म्हणून शाळेत टिकलेल्या मुली आहेत.

चौदानंतरचं काय, यावर माझं मत दोन्ही बाजूंना आवडणार नाही. एक बाजू म्हणते हक्क अठरापर्यंत वाढवा. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तीन ते अठरा वयाची भाषा बोलतं, पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. वाढवावा, मी बाजूने आहे. पण ज्याचे मीटर सुरू झालेत तो पंधरा वर्षांचा मुलगा केवळ कायद्यात लिहिल्याने परत येणार नाही. दुसरी बाजू म्हणते हातात कसब आहे तर कमावू द्या, शाळेत तरी काय शिकतो? त्यांना मी एवढंच विचारतो की तुमच्या घरातलं कोण पंधराव्या वर्षी कमावतं. जर्मनीत शाळा सोडून कामाला लागलेल्या मुलालाही ठरावीक वयापर्यंत आठवड्यातला काही वेळ व्यवसाय शाळेत जावंच लागतं, आणि मालकाला तो सोडावाच लागतो. तिथे सक्ती मालकावरही येते. ही गोष्ट मला भिवंडीला लागू पडणारी वाटते. फुल्यांनी रात्रशाळा काढली ती १८५५ ची, मुंबईत गिरण्यांच्या काळात रात्रशाळांनी किती माणसं घडवली. आज राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, घरी अभ्यास करून परीक्षा देता येते. रात्रपाळीच्या मुलाला दुपारचा वर्ग आणि दिवसपाळीच्या मुलाला रात्रीचा, हे लूमच्या पाळ्या बघून बसवता येतं. इथल्या मालक संघटनांनी मनात आणलं तर पंधरवड्यातून दोन पाळ्यांची सवलत अठरा वर्षांखालच्यांना देणं त्यांना जड नाही. मी हे दोन वेळा सुचवलं. दोन्ही वेळा चहा उत्तम मिळाला.

आता या हंगामात जे करता येईल तेवढ्यापुरतं बोलतो. वीटभट्टीला माती लागते, आणि माती हे गौण खनिज. भट्टीवाल्याला तहसील कार्यालयातून परवानगी काढावी लागते, रॉयल्टी भरावी लागते. म्हणजे कुठल्या गावात, कोणाच्या जमिनीवर, किती ब्रास मातीची भट्टी लागणार, हे सरकारच्या एका टेबलावर दिवाळीच्या आधीच माहीत असतं. माती मोजली जाते. त्या मातीवर कोण राबणार आणि त्यांची मुलं किती, हे त्या कागदात विचारत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ९ म्हणतं की स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश स्थानिक प्राधिकरणाने करून घ्यायचा आहे. मग परवानगीच्या अर्जाला एक जादा पान जोडायचं: किती जोड्या येणार, कुठल्या पाड्यावरून, सहा ते चौदाची मुलं किती, त्याखालची किती. त्याची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला. त्याखालची मुलं मी मुद्दाम म्हणतोय, पाळणाघर त्यावरच ठरेल. हंगाम लागल्यावर पंधरा दिवसांत त्या पानावरची मुलं शाळेत दिसली नाहीत तर परवानगीच्या अटीचा भंग. दंड झालाच तर भट्टीवाल्याला होऊ दे, विटा थापणाऱ्या बापाला नको. आणि भट्टीजवळच्या शाळांचा पट पुन्हा एकदा जानेवारीत मोजावा, तेवढ्या चार महिन्यांसाठी जादा शिक्षक द्यावा.

यातल्या पहिल्या गोष्टीला मुंबईहून नवा कायदा यायची वाट पाहावी लागत नाही. या सभागृहात भिवंडी न्यायालयातले काही वकील बसलेले मला दिसतायत, महापालिकेचे आणि तहसीलचे निवृत्त लोकही आहेत. त्या जादा पानाचा मसुदा मी छापून आणला आहे, दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. परवानगीचे अर्ज दसऱ्यानंतर सुरू होतात. त्याआधी त्यातल्या चुका कोणी काढून दिल्या तर बरं होईल.